वृषणाचा कर्करोग : उपचारानंतरची देखरेख

वृषणाच्या कर्करोगावरचे उपचार संपल्यानंतर ठरावीक काळाने होणारी रुग्णाची तपासणी. हा आजार बहुधा पंधरा ते चाळिशीतल्या पुरुषांना गाठतो, आणि उलटला तरी वेळीच कळल्यास बहुतेकदा बरा होतो. १९७४ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिसप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाला आणखी दोन औषधांची जोड दिली. तोवर शरीरभर पसरलेल्या या रोगातून क्वचितच कोणी वाचे. भारतीयांना आइनहॉर्न ठाऊक आहेत ते क्रिकेटपटू युवराजसिंगमुळे. त्याची गाठ छातीत होती, पण याच कुळातली, सेमिनोमा या प्रकारची. २०१२ मध्ये आइनहॉर्न यांच्याकडे उपचार घेऊन तो त्याच वर्षी मैदानात परतला.

पहिल्या टप्प्यातील आजारात पुष्कळदा वृषण काढून, केमो न देता, नुसते लक्ष ठेवले जाते. त्यात सेमिनोमा शंभरातल्या पंधरा-वीस जणांत उलटतो, इतर प्रकार साधारण तिसांत. बहुतेकदा पहिल्या दोन-तीन वर्षांतच. त्यामुळे सुरुवातीच्या फेऱ्या दाट असतात. नेमका हाच काळ तब्येत ठणठणीत वाटण्याचा, आणि तरुण रुग्ण तारखा चुकवतात तेही याच काळात.

रक्तात एएफपी आणि बीटा-एचसीजी ही कर्करोगाची खूण देणारी द्रव्ये पाहतात. शुद्ध सेमिनोमात एएफपी वाढत नाही. वाढले तर गाठीत दुसरा प्रकार मिसळल्याचा संशय येतो. मात्र यकृताला सूज असली तरी एएफपी चढते, टेस्टोस्टेरॉन घटल्यावर एचसीजीचा आकडाही फसवू शकतो. म्हणून किंचित वाढ दिसली, तर आधी चाचणी पुन्हा करतात. वृषणातली लसिका मूत्रपिंडांजवळच्या गाठींकडे जाते, त्यामुळे स्कॅन पोटाचा. तरुण शरीरावर वर्षानुवर्षे सीटीच्या किरणांचा मारा नको, म्हणून ब्रिटनमध्ये ‘ट्रिस्ट’ चाचणी झाली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या टप्प्यातील सेमिनोमात एमआरआय सीटीच्या तोडीस उतरला. सातऐवजी तीनच स्कॅन केल्यानेही फारसे बिघडले नाही.

पाच वर्षांनंतर नजर कर्करोगावरून औषधांच्या परिणामांकडे वळते : रक्तदाब, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडे, कानातला आवाज, पायांच्या बोटांचा बधिरपणा, घटलेले टेस्टोस्टेरॉन. उरलेल्या वृषणातही सुमारे दोन टक्के रुग्णांना नवा कर्करोग होतो. म्हणून ते वृषण महिन्यातून एकदा स्वतः चाचपून पाहायला डॉक्टर सांगतात. ब्लिओमायसिन हे केमोचे औषध घेतलेल्यांनी पुढे साध्या हर्नियाच्या शस्त्रक्रियेआधीही भूलतज्ज्ञाला तसे सांगायचे असते, कारण जास्त ऑक्सिजन दिल्यास अशा फुप्फुसांना इजा होण्याची भीती असते.