चेस्टरफील्डची कुपी : दोषनिर्णयांत काळाचें प्रमाण

(१) वैद्याच्या हयगयीनें रुग्णास इजा झाली असतां त्याची भरपाई मिळवून देणें, हा इंग्लंडांतील बॅरिस्टराच्या व्यवसायाचा एक मोठा भाग आहे. सॉलिसिटर कागदपत्र व साक्षीदार जुळवितो. बॅरिस्टर दाव्याचा मसुदा करतो, तज्ज्ञांची उलटतपासणी घेतो आणि न्यायाधीशापुढें पक्ष मांडतो. वादीच्या बॅरिस्टरास चार गोष्टी सिद्ध कराव्या लागतात : प्रतिवादीवर काळजी घेण्याचें कर्तव्य होतें, त्या कर्तव्याचा भंग झाला, त्या भंगामुळेंच इजा झाली, आणि इजेमुळें अमुक इतकें नुकसान झालें. यांपैकीं दुसरी व तिसरी गोष्ट ठरवावयाची म्हणजे अमुक दिवशीं काय घडलें आणि त्या दिवशीं काय ठाऊक असणें शक्य होतें, हे दोन प्रश्न सोडवावे लागतात. हे तर इतिहासाच्या अभ्यासकांचेच प्रश्न होत. म्हणून 'रो विरुद्ध आरोग्यमंत्री' या १९५४ सालच्या खटल्याचा विचार येथें आम्हीं योजिला आहे.

(२) हकीकत अशी. डर्बीशायर परगण्यांतील चेस्टरफील्ड येथील रुग्णालयांत १३ ऑक्टोबर १९४७ रोजीं दोन इसमांवर किरकोळ शस्त्रक्रिया झाल्या. दोघेही कामकरी वर्गांतील. दर आठवड्यास थोडी वर्गणी भरून त्यांनीं रुग्णालयांत उपचार घेण्याचा हक्क मिळविला होता. दोघांसही एकाच वैद्यानें पाठीच्या कण्यांत सुई टोंचून न्यूपरकेन या औषधानें भूल दिली. शस्त्रक्रिया साध्या होत्या. परंतु दोघांचेंही कमरेखालचें अंग कायमचें लुळें झालें. औषध कांचेच्या बंद कुप्यांत येत असे, आणि कुप्यांची बाहेरची बाजू निर्जंतुक रहावी म्हणून त्या फेनॉलच्या द्रावणांत बुडवून ठेवीत. १९४८ सालीं रुग्णालयें सरकारच्या ताब्यांत गेलीं, म्हणून आरोग्यमंत्री हे प्रतिवादी झाले.

(३) वादींच्या वतीनें मांडलेला एक प्रधान मुद्दा असा कीं, येथें वस्तूच बोलते आहे. किरकोळ शस्त्रक्रियेसाठीं आलेला धडधाकट मनुष्य लुळा होऊन जातो, तेव्हां कोणाची तरी हयगय झालीच असली पाहिजे. आमच्या न्यायशास्त्रांत यास शेषवत् अनुमान म्हणतात : नदीचा पूर पाहून वर पाऊस पडला असावा असें जाणणें. रुग्णालयानें यावर खुलासा दिला कीं, कुप्यांस डोळ्यांस न दिसणाऱ्या भेगा पडल्या असाव्यात व त्यांतून फेनॉल आंत झिरपलें असावें. कोर्टानें हें कारण मान्य केलें. अशा भेगांचा धोका १९४७ सालीं सामान्य भूलवैद्यास ठाऊक नव्हता; ऑक्सफर्डचे प्राध्यापक मॅकिंटॉश यांच्या १९५१ सालच्या ग्रंथानें त्याकडे लक्ष वेधलें. न्यायमूर्ति मॅकनेअर यांनीं १९५३ सालीं दावा काढून टाकला. १९५४ सालीं सॉमरवेल, डेनिंग व मॉरिस या तीन न्यायाधीशांनीं अपीलही फेटाळलें. १९४७ च्या अपघाताकडे १९५४ चा चष्मा लावून पाहूं नये, असा डेनिंग यांच्या निवाड्याचा आशय आहे. इशारा मिळाल्यावरही तीच पद्धत चालूं ठेवणारें रुग्णालय मात्र दोषी ठरेल, असेंही ते म्हणतात. त्या दोन इसमांस कांहींच मिळालें नाहीं.

(४) हा नियम कठोर आहे. परंतु त्याचें मर्म आम्हांस परकें वाटूं नये. पानिपतचा निकाल हातीं असलेल्या लेखकास सदाशिवरावभाऊंस दोष देणें सोपें जातें. पण १७६० सालीं कोणत्या दिवशीं त्यांस कोणती बातमी पोंचली होती, हें अस्सल पत्रांवरून ठरविल्याखेरीज तो दोष टिकत नाहीं. कर्त्याच्या कृतीचें माप कर्त्याच्या वेळच्या ज्ञानानें घ्यावें, हीच येथील शिस्त होय. याच न्यायमूर्ति मॅकनेअर यांनीं पुढें १९५७ सालीं बोलम खटल्यांत, त्या विषयांतील जाणत्या वैद्यांच्या एका समूहास मान्य असलेल्या रीतीनें वागणारा वैद्य दोषी नव्हे, असें ज्यूरीस समजावून सांगितलें. ती रीत तर्काच्या कसोटीसही उतरली पाहिजे, अशी पुस्ती इंग्लंडच्या उमरावसभेनें १९९७ सालीं बोलिथो खटल्यांत जोडली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंही २००५ सालीं जेकब मॅथ्यू यांच्या खटल्यांत, काळजीचें प्रमाण घटनेच्या वेळच्या ज्ञानावरून ठरवावें, खटल्याच्या वेळच्या नव्हे, असें स्पष्ट केलें.

(५) येथवर सर्व ठीक. परंतु १९९० सालीं 'अ‍ॅनॅस्थेशिया' या नियतकालिकांत हटर नांवाच्या वैद्यानें या प्रकरणाची फेरतपासणी प्रसिद्ध केली. तिचें तात्पर्य असें कीं, खरें कारण फेनॉल नसावें. सुया व पिचकाऱ्या उकळण्याच्या भांड्यांतील क्षारांचा थर काढण्यासाठीं वापरलेलें आम्ल त्यांत राहून गेलें असावें, आणि तेंच सुईवाटे कण्यांत गेलें असावें. नदीच्या पुराचें उदाहरण देणाऱ्या नैयायिकांनीं पूर्वपक्षही नोंदविला आहे : खालीं बांध पडला तरी नदी फुगते, मग पुरावरून पाऊसच कसा ठरवावा ? चेस्टरफील्डच्या प्रकरणांत हा पूर्वपक्ष खरा ठरण्याचा संभव दिसतो. आणि फरक लहान नाहीं. न दिसणारी भेग १९४७ सालीं कोणास ठाऊक नव्हती. पण आम्ल घातलेलें भांडें वापरण्यापूर्वीं धुवून काढावें, हें कळण्यास १९५१ च्या ग्रंथाची वाट पहावयास नको होती. हें कारण त्या वेळीं कोर्टापुढें येतें, तर निकाल वादींच्या बाजूनें लागण्याचा पुष्कळ संभव होता.

(६) यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, नियम व वस्तुस्थिति यांची गल्लत करूं नये. त्या काळचें ज्ञान हेंच प्रमाण, हा नियम रो खटल्यानें घालून दिला आणि तो आजही योग्यच आहे; वैद्यास अज्ञात गोष्टीबद्दल शिक्षा झाली तर कोणी वैद्य हात लावण्यास धजणार नाहीं. परंतु ज्या वस्तुस्थितीवर तो नियम लावला, ती बहुधा तशी नव्हतीच. काय ठाऊक होतें, याची छाननी काटेकोर झाली. काय घडलें, याची मात्र पहिल्या संभाव्य खुलाशावर थांबली. बनावट कागद पुष्कळदां मजकुरावरून नव्हे, तर कागद, शाई व वळण यांवरून उघडकीस येतो. त्याप्रमाणें जखमी मनुष्याच्या बॅरिस्टरानें त्या दिवशीं वापरलेली प्रत्येक वस्तु, पाणी व भांडें, तें कोणी व कशानें धुतलें येथपर्यंत, साधन म्हणून तपासलें पाहिजे. प्रतिपक्षाचा खुलासा पटण्याजोगा असला म्हणजे तो खरा ठरला असें नव्हे. चेस्टरफील्डच्या त्या दोघांनीं या भेदाची किंमत आपल्या पायांनीं व रिकाम्या हातांनीं मोजली, येवढें अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवावें.