आजीचं बिल

एप्रिल २०२१ मध्ये आजीला कोरोना झाला. मी तेव्हा पुण्यातल्या कंपनीचं काम तासगावच्या घरात बसून करत होतो. मिरजेतल्या एका खासगी हॉस्पिटलात तिने अकरा दिवस काढले. ती बरी होऊन घरी आली, आणि आईच्या पाटल्या सोनेतारण कर्जात गेल्या.

बिलाचे फोटो माझ्या मोबाईलमध्ये होते. सवयीने मी ते एक्सेलमध्ये उतरवले. आयसीयूचा रोजचा दर एका ओळीत, नर्सिंग चार्ज दुसऱ्या, डॉक्टर व्हिजिट तिसऱ्या, जेवण चौथ्या. नंतर एका मित्राने राज्य सरकारची मे २०२० ची अधिसूचना पाठवली. साधा वॉर्ड ४००० रुपये, आयसीयू ७५००, व्हेंटिलेटर लागला तर ९०००. आणि नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण हे सगळं त्या दरातच धरलेलं. माझ्या शीटमधल्या चाळीसपैकी सतरा ओळी तिथे असायलाच नको होत्या.

त्याच मे महिन्यात सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांना खुली केली होती. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणजे आम्ही आधीपासूनच योजनेत. ते हॉस्पिटल मात्र योजनेत नव्हतं. ॲम्ब्युलन्समध्ये बसताना कोण यादी बघतं?

या सतरा ओळींमुळे मी इतिहास वाचायला लागलो. म्हटलं, आमच्या भागात बाकी सगळ्यासाठी चळवळी झाल्या, मग दवाखान्याचं काय झालं?

आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग पूर्वी सातारा जिल्ह्यात होता. १९४९ मध्ये 'दक्षिण सातारा' वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. याच सातारा जिल्ह्यात १९४३ ते १९४६ या काळात नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. गावोगावी न्यायदान मंडळं, धान्याचं वाटप, सावकार-गुंडांचा बंदोबस्त. नेमक्या याच तीन वर्षांत, १९४३ ते १९४६, दिल्लीत भोर समिती भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करत होती. पैसे नाहीत म्हणून कुणाचा उपचार अडू नये, हे त्या अहवालाचं मुख्य तत्त्व. सुरुवातीला दर चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे प्रत्येक दहा-वीस हजारांसाठी ७५ खाटांचं रुग्णालय, असा हिशेब होता. त्या खाटा अजून यायच्या आहेत.

मिरजेची गोष्ट वेगळी. विल्यम वॉनलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय सुरू केलं आणि गावाला वैद्यकीय नगरी अशी ओळख मिळाली. कर्नाटकातूनही पेशंट यायचे, अजूनही येतात. मला वाटतं, या ओळखीनेच आपल्याला थोडं गाफील केलं. 'मिरजेला न्या' हे आमच्याकडचं उत्तर. तिथे नेल्यावर पैसे कुणी द्यायचे, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न.

पाण्याचं तसं झालं नाही. १९९३ पासून आटपाडीत पाणी परिषदा भरू लागल्या. नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, भारत पाटणकर. पैकी नागनाथअण्णा प्रतिसरकारातले सैनिक, आणि पाटणकर शिक्षणाने डॉक्टर. सांगली, सातारा, सोलापूरच्या तेरा दुष्काळी तालुक्यांनी मागितलं ते असं : जमीन असो-नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क. भूमिहीनालासुद्धा. 'सार्वत्रिक' या शब्दाचा इतका स्वच्छ अर्थ मी दुसरीकडे वाचलेला नाही. पण विहीर आटते तेव्हा सगळ्या गावाची आटते. आजार एका घरात येतो, आणि ते घर कर्ज काढून गप्प बसतं. आम्हीही गप्पच बसलो होतो.

गप्प न बसलेल्या बायका सांगलीतच भेटल्या, म्हणजे वाचनात. गोकुळनगर वस्तीत १९९२ मध्ये 'संग्राम' संस्थेने मीना सेषू यांच्या पुढाकाराने एचआयव्हीवर काम सुरू केलं. वेश्याव्यवसायातल्या बायका स्वतःच एकमेकींना कंडोम वाटू लागल्या, समजावू लागल्या. १९९६ मध्ये त्यांचीच संघटना उभी राहिली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, म्हणजे 'व्हॅम्प'. त्यांचं म्हणणं उपचार मिळावेत इतकंच नव्हतं. दवाखान्यात माणसासारखं वागवा, हेही होतं. आमच्या शाळेच्या पुस्तकात जिल्ह्याचा इतिहास होता, त्यात या बायका नव्हत्या.

राज्यपातळीवर ही मागणी 'जन आरोग्य अभियान' लावून धरतं. २००० साली कोलकात्यात जनस्वास्थ्य सभा भरली, तिथून देशभर उभ्या राहिलेल्या जाळ्याची ही महाराष्ट्रातली शाखा. डॉ. अनंत फडके, डॉ. अभय शुक्ला ही त्यातली माहितीची नावं. त्यांच्या कामातलं मला सर्वात आवडलेलं प्रकरण म्हणजे २००७ मध्ये सुरू झालेली लोकाधारित देखरेख. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे हे पहिले पाच जिल्हे. आपले दोन्ही त्यात नव्हते. पुण्याची 'साथी' संस्था समन्वय करायची. गावकऱ्यांनीच आपल्या आरोग्य केंद्राचं प्रगतिपुस्तक भरायचं : नर्स येते का, औषधं मिळतात का, पैसे मागतात का. चांगलं असेल तर हिरवा रंग, मध्यम पिवळा, वाईट लाल. मग जनसुनवाई. मांडवाखाली डॉक्टर, अधिकारी आणि समोर गाव. अधिकाऱ्याने सगळ्यांदेखत उत्तर द्यायचं. आम्ही ऑफिसात ज्याला डॅशबोर्ड म्हणतो तो हाच, फक्त आमच्या डॅशबोर्डसमोर कुणी माईक घेऊन उभं राहत नाही.

सरकार मात्र दुसऱ्या वाटेने गेलं : विमा. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत आली, २०१३ मध्ये राज्यभर. २०१७ मध्ये तिला फुल्यांचं नाव मिळालं. २०२३ मध्ये सगळ्या रहिवाशांना पाच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. ऐकायला सार्वत्रिकच. अभियानाचा आक्षेप असा की विमा ठरावीक मोठे उपचार देतो, तेही यादीतल्या हॉस्पिटलात. रोजची बीपीची गोळी, ओपीडी, तपासण्या राहतातच. शिवाय पैसा सरकारी दवाखान्यांऐवजी खासगीकडे वळतो. २०१७ च्या राष्ट्रीय धोरणाने राज्यांना अर्थसंकल्पाच्या आठ टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलंय. महाराष्ट्र त्याच्या जवळपासही नाही. मला हा आक्षेप पटतो, तरी पूर्ण नाही. ज्याचं हृदयाचं ऑपरेशन योजनेतून झालं, त्याला हे सांगायला मी धजणार नाही.

ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत झालं. त्याची बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर कुणीच टाकली नाही.

आणखी एक गोष्ट बातम्यांत हरवली. जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणीचे नियम बदलले. खासगी हॉस्पिटलने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायचं. अभियान हे कितीतरी वर्षं मागत होतं. म्हणजे आजी ॲडमिट झाली तेव्हा हा नियम तीन महिन्यांचा होता, आणि मी अकरा दिवस त्याच लॉबीत चकरा मारत होतो.

मागच्या वर्षी वडिलांना हर्नियासाठी दाखवायला नेलं, दुसऱ्या हॉस्पिटलात. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, "दरपत्रक कुठे लावलंय?" तिने आत जाऊन विचारलं, मग वॉटर कूलरच्या मागे बोट दाखवलं. कूलर सरकवावा लागला. वडील ओशाळून म्हणाले, "असू दे रे, सगळे बघायला लागलेत." मी फोटो काढला. मागे रांगेत उभ्या असलेल्या एका मावशींनी विचारलं, "काय लिवलंय त्यात?" आणि मी पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.