विकत घेतलेली पाळी आणि अनुशयाचे दहा दिवस

एकादी वस्तु विकत घ्यावी आणि घरीं येतांच ती घेतली नसती तर बरें झालें असतें असें वाटूं लागावें, हा अनुभव बाजाराइतकाच जुना असला पाहिजे. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं ह्या मनःस्थितीस 'अनुशय' असें नांव दिलें. आणि केवळ नांव देऊन ते थांबले नाहींत. मनूनें लोकांचे सर्व तंटे ज्या अठरा व्यवहारपदांत वांटून टाकले आहेत, त्यांत क्रयविक्रयानुशयास त्यानें ऋणादान, निक्षेप इत्यादिकांच्या बरोबरीनें स्वतंत्र जागा दिली. ग्राहकाचा पश्चात्ताप हा त्याच्या मतें कायद्यानें दखल घेण्याजोगा विषय होता.

हल्लीं पुण्याबारामतीकडील पुष्कळ मध्यम स्थितींतल्या कुटुंबांपुढें हा अनुशय एका नव्या रूपानें उभा राहत आहे. थंड हवेच्या ठिकाणच्या किंवा समुद्रकांठच्या विश्रामगृहांत दरवर्षीं सहासात रात्री राहण्याचा हक्क वीसपंचवीस वर्षांकरितां आगाऊ विकत घ्यावयाचा, ह्या व्यवहारास टाइमशेअर म्हणतात. युरोपांत आल्प्स पर्वताच्या आसपास १९६० नंतरच्या दशकांत तो निघाला आणि १९८० नंतरच्या दशकांत आपल्या देशीं आला. चहापाण्याचें निमंत्रण येतें, दोन तीन तास रम्य चित्रें दाखविलीं जातात, सवलत आजच्यापुरतीच आहे असें बजाविलें जातें, आणि पतिपत्नींच्या सह्या होतात. रात्रीं घरीं बसून कागद वाचूं लागल्यावर प्रश्न पडतो कीं, हें ठेवावें कीं परत करावें? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आपल्या इतिहासाचें कांहीं साहाय्य होतें कीं काय, हें पाहण्याचा येथें विचार आहे.

काळाचा हिस्सा विकत घेण्याची कल्पना महाराष्ट्रास परकी नाहीं. गांवच्या पाटीलकी-कुळकर्णाच्या वतनांत ती शतकानुशतकें नांदली. चार भावांचें कुळकर्ण असलें म्हणजे दप्तराचे चार तुकडे करतां येत नसत. तेव्हां चौघे तक्षीमदार आळीपाळीनें एकेक वर्ष काम करीत आणि त्या त्या वर्षाचें उत्पन्न घेत. देवस्थानांतील पूजेचेंही तेंच. मूर्ति एक, पुजाऱ्यांचीं घरें अनेक. म्हणून महिन्यांच्या, पंधरवड्यांच्या किंवा दिवसांच्या पाळ्या पडत, आणि ज्याची पाळी त्याचें त्या काळांतलें उत्पन्न. पुढें इंग्रजी न्यायालयांपुढें ह्या पाळ्यांचे वाद गेले, तेव्हां पूजेची पाळी ही वारसाहक्कानें उतरणारी व वांटून घेतां येणारी मिळकत आहे, हें न्यायाधीशांनींही मान्य केलें; मात्र ती वाटेल त्या परक्यास विकूं देण्यास ते नाखूष असत.

वतनाचा हिस्सा मात्र विकला जाई. दुष्काळ पडे, सरकारची बाकी थके, आणि पाटील आपली निम्मी पाटीलकी विकण्यास काढी. सतराव्या-अठराव्या शतकांतलीं असलीं खरेदीखतें पुष्कळ प्रसिद्ध झालीं आहेत. तीं वाचतांना आश्चर्य वाटतें तें त्यांतील बारकाव्याचें. होळीची पोळी पहिली कोणाची, पोळ्यास बैल पुढें कोणाचे, टिळा-विडा प्रथम कोणीं घ्यावा, कोणती जमीन व किती हक्कलवाजिमा कोणाकडे, हें सर्व कलमवार लिहिलेलें असे. विक्री आपल्या आत्मसंतोषें केली असें विकणारा लिहून देई, आणि गोत जमून साक्षी घातल्या जात. पाटलाच्या नांवापुढें नांगराची निशाणी पडे. घेणारास जो हिस्सा मिळावयाचा, तो गांवाच्या डोळ्यांदेखत मोजला जाई. त्याच्याबरोबर बोजाही येई, कारण सरकारच्या साऱ्याची जोखीम नव्या पाटलावरही पडे. पण तो बोजा किती, हें विकत घेणारास विकणाराइतकेंच ठाऊक असे.

ज्या टोंकास नीरा भीमेस मिळते, तें इंदापूर तालुक्याचें नरसिंहपूर ह्या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. विंचूरकरांच्या औदार्याची साक्ष देणारें तेथील लक्ष्मीनृसिंहाचें मंदिर सर्वश्रुत आहे. नृसिंह ज्यांचें कुलदैवत, अशीं कुटुंबें दूरदूरच्या गांवांहून वैशाख शुद्ध चतुर्दशीच्या जयंतीस येथें येतात. क्षेत्राच्या ठिकाणीं उपाध्याचें घर हेंच पूर्वीं यात्रेकरूचें घर असे. पिढ्यानुपिढ्या एकाच गांवीं, वर्षांतील एकाच सुमारास, ठरलेल्या घरीं चार रात्री राहण्याची ही वहिवाट होती. एका अर्थीं हीही काळाची पाळीच. पण यजमानानें ती विकत घेतलेली नसे. ज्या वर्षीं घरांत सुतक असेल किंवा पेरणीची निकड असेल, त्या वर्षीं तो येत नसे, आणि न आल्याबद्दल कोणी त्याच्याकडे पैसे मागत नसे.

ह्याच मुलखांत पाळीचा दुसरा एक धडा शेतकरी रोज गिरवीत आहे. नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास बारामती-इंदापूरच्या रानांत आलें. कालव्याचें पाणी सर्वांस एकाच वेळीं पुरत नाहीं. म्हणून चारीवरच्या शेतांस क्रमानें पाणी देण्याची शेजपाळीची पद्धत पडली. शेजपाळींतल्या शेतकऱ्याचा हिस्सा हा वेळेचाच हिस्सा असतो. परंतु त्याचा क्रम ठरलेला असतो. आपल्या अगोदर कोणाचें शेत भिजावयाचें, आपल्यामागून कोणाचें, हें त्यास कळतें, आणि क्रम मोडला तर कोणाच्या दारीं जावयाचें हेंही कळतें. क्रमाचा भरंवसा नसेल तर त्या पाळीवर ऊंस उभा राहत नाहीं.

आतां टाइमशेअरचा करार ह्या जुन्या पाळ्यांशेजारीं ठेवून पाहूं. वर्षाच्या बावन्न आठवड्यांपैकीं एक आठवडा आपला, म्हणजे सोळा आण्यांच्या रुपयांत सुमारें पावणेचार पै. एवढा लहान हिस्सा घेण्यांत स्वतः कांहींच गैर नाहीं. परंतु पुष्कळ करारांत कोणता आठवडा आपला हें ठरलेलें नसतें. वर्षाचे हंगाम पाडलेले असतात आणि त्या हंगामांत जागा शिल्लक असेल तर ती मिळते. शाळेंत जाणारीं मुलें असलेल्या प्रत्येक घरास दिवाळी आणि मे महिना हवा असतो. अर्थात् शेजपाळींत जो क्रम हा पाळीचा प्राण असतो, तोच येथें बहुधा सुटलेला दिसतो. दुसरें असें कीं, बहुतेक ठिकाणीं हा राहण्याचा परवाना असतो, इमारतींतली मालकी नव्हे. तिसरें, देखभालीची वार्षिक वर्गणी गेलें न गेलें तरी द्यावी लागते, आणि ती वाढत जाते. शेंकडा ७ प्रमाणें ती दरसाल वाढली तर अकराव्या वर्षीं जवळजवळ दुप्पट आणि पंचविसाव्या वर्षीं पहिल्या वर्षाच्या पांचपट होते. पाटीलकीच्या खरेदीखतांत होळीच्या पोळीचा उल्लेख सुटत नसे. येथें पंचवीस वर्षांच्या वर्गणीचा आंकडा पहिल्या पानावर सांपडणें कठीण.

असा करार ज्यानें केला त्यास माघार घेण्याची मुभा असावी कीं नसावी? येथें स्मृतिकारांचें म्हणणें ऐकण्याजोगें आहे. मनूनें क्रेता व विक्रेता ह्या दोघांसही दहा दिवसांची मुदत दिली. त्या आंत ज्यास अनुशय होईल त्यानें वस्तु परत द्यावी किंवा घ्यावी. दहा दिवस उलटल्यावर मात्र जो बळानें परत देईल वा घेईल त्यास सहाशें पणांचा दंड सांगितला. नारदानें हिशेब अधिक बारीक केला: त्याच दिवशीं वस्तु होती तशी परत केली तर सगळें मूल्य मिळावें, दुसऱ्या दिवशीं तिसावा हिस्सा सोडावा, तिसऱ्या दिवशीं त्याच्या दुप्पट, आणि पुढें वस्तु ग्राहकाचीच. याज्ञवल्क्यानें वस्तूगणिक मुदत ठरविली: बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक, ओझ्याच्या जनावरास पांच, रत्नास सात, दुभत्या जनावरास तीन. कौटिल्यानें पाहिलें तें घेणारादेणाराच्या धंद्याकडे: व्यापाऱ्यांस एक रात्र, शेतकऱ्यांस तीन, गुराख्यांस पांच, आणि वृत्तीच्या, म्हणजे चरितार्थाच्या साधनाच्या, विक्रींत सात रात्रीपर्यंत.

ह्या मुदती लहरीनें ठरविलेल्या नाहींत. बीं उगवतें कीं नाहीं हें कळावयास दहा दिवस लागतात. गाय दूध किती देते हें तीन दिवसांत कळतें. रोज बाजारांत बसणाऱ्या व्यापाऱ्यास फसण्याची सबब कमी, म्हणून त्यास एकच रात्र. वस्तूची परीक्षा होण्यास जेवढा काळ हवा तेवढाच अनुशयाचा काळ, हें ह्या व्यवस्थेंतलें तत्त्व आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यांत बसून विज्ञानेश्वरानें जी 'मिताक्षरा' लिहिली, आणि जी पुढें महाराष्ट्रांत प्रमाणभूत झाली, तींत त्यानें ह्या भिन्न वचनांची संगति लावली आहे. मनूचे दहा दिवस हे घर, शेत, यान, शय्या, आसन अशा वापरानें न नासणाऱ्या वस्तूंकरितां आहेत, असें तो म्हणतो. आणि ही सर्व सवलत परीक्षा न करतां घेतलेल्या वस्तूंपुरती आहे, हेंही बजावतो. पारखून घेतलेली वस्तु मागाहून नको म्हणतां येत नाहीं.

अर्वाचीन पाश्चात्य कायदा ह्याच दहा दिवसांपाशीं येऊन पोंचला, हें पाहून कौतुक वाटतें. इंग्लंडांत १९९२ च्या कायद्यानें टाइमशेअरच्या ग्राहकास चौदा दिवस दिले. १९९४ सालीं युरोपीय संघानें निदान दहा दिवसांचा नियम केला आणि त्या मुदतींत आगाऊ रक्कम घेण्यासही मनाई केली. २००९ सालच्या नव्या नियमानें ती मुदत चौदा दिवसांची झाली. अठराशें बहात्तरचा आपला करारकायदा मात्र इंग्रजी वळणाचा. कपट, गैरवाजवी दडपण किंवा खोटी माहिती सिद्ध केली तर तो करार मोडूं देतो. केवळ अनुशयास त्यांत जागा नाहीं. विम्याच्या ग्राहकास २०२४ च्या नियमांनीं तीस दिवस मिळाले आहेत; टाइमशेअरच्या ग्राहकास स्वतःच्या करारांत जी मुदत लिहिली असेल तिच्यावरच प्रथम विसंबावें लागतें. म्हणून सही झाल्यावर पहिलें काम म्हणजे तें कलम शोधणें आणि दिवस सहीपासून मोजावयाचे कीं पैसे भरल्यापासून, हें पाहणें.

कोणी म्हणेल कीं, शब्द देऊन फिरणें आपल्या लोकांस शोभत नाहीं. मला वाटतें, पुष्कळ कुटुंबें नको असलेला करार गळ्यांत ठेवून घेतात तीं ह्याच लाजेमुळें. परंतु ज्या शास्त्रांनीं वचनभंगाची इतकी निंदा केली, त्यांनींच मुदतीच्या आंतील अनुशयास दोष मानला नाहीं. ती मुदत व्यवहाराचाच भाग होय. विकणाराही ती जाणूनच विकतो. मुदत उलटून गेल्यावर हुज्जत घालणारास मनूनें दंड सांगितला आहे. आधींच येणारास दंड नाहीं.

मग ठेवावें कीं परत करावें? विज्ञानेश्वराच्या कसोटीनें पाहतां हे दिवस परीक्षेचे आहेत. विश्रामगृहांत राहून पाहणें ह्या मुदतींत शक्य नसतें. परीक्षा होते ती कागदाची आणि आपल्या घरच्या राहणीची. मागल्या पांच वर्षांत आपण किती वेळां आणि कोणत्या महिन्यांत बाहेरगांवीं गेलों, तें लिहून काढावें. मूल्य, हप्त्यांचें व्याज आणि वाढत्या वर्गण्या ह्यांची बेरीज करून तिला मिळणाऱ्या एकंदर रात्रींनीं भागावें, आणि तीच खोली आज रोख भाड्यानें काय पडते तें शेजारीं मांडावें. सुट्टीच्या हंगामांत जागा मिळण्याची हमी लेखी आहे कीं तोंडी, हें पाहावें. आणि मधेंच सोडावयाचें झाल्यास काय परत मिळतें, तें कलम दोघांनीं मिळून वाचावें.

ज्या घरास दरवर्षीं प्रवासाची संवय आहे, शाळेच्या सुट्टीचें बंधन नाहीं, आणि कर्ज न काढतां मूल्य देतां आलें आहे, त्यानें हिशेब जुळत असल्यास खुशाल ठेवावें. तें ठेवणें मग पारखून घेतल्यासारखेंच होईल. पण ज्याचे पैसे हप्त्यांचे आहेत, ज्याची सुट्टी मे महिन्यांत अडकली आहे, किंवा ज्यास सभागृहांतलीं तोंडी आश्वासनें कागदांत सांपडत नाहींत, त्यानें परत करावें, असें माझें स्पष्ट मत आहे. वर्षांतील सात रात्री कोठेंतरी काढाव्या, ही हौस त्यामुळें मरत नाहीं. नरसिंहपूरच्या यात्रेकरूप्रमाणें ज्या वर्षीं जमेल त्या वर्षीं जावें आणि त्या वर्षापुरतेंच द्यावें.

परत करावयाचें तें मात्र लेखी करावें, मुदतीच्या आंत पोंचेल असें करावें, आणि पोंच जपून ठेवावी. फोनवरच्या गोड बोलण्यांत पुष्कळांचे दिवस निघून जातात. मुदतींत कळवूनही रक्कम मिळाली नाहीं, तर २०१९ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याप्रमाणें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते. इंदापूरच्या माणसास त्यासाठीं मुंबईस किंवा दिल्लीस जाण्याचें कारण नाहीं. तेथें गेल्यावर प्रथम विचारलें जाईल तें हेंच कीं, आपण कोणत्या तारखेस कळविलें, आणि त्याचा कागद कोठें आहे.