आधी भोक, मग दोरा

संक्रांत जवळ आली की रत्नागिरीहून मुंबईच्या चाकरमान्यांना जाणाऱ्या टपालात छोटी, किंचित फुगलेली पाकिटे असायची. आत तळहाताएवढे भेटकार्ड आणि पुडीत काटेरी हलव्याचे चार दाणे. कार्ड बहुधा छापील असे. पण घरात भरतकाम येणारी मुलगी असली, तर त्यावरच्या पतंगाची कडा उलट्या टिपेने भरलेली आणि शेपटीला गहू टाका घातलेला असे. असे कार्ड हाती आले की माणूस आधी त्यावर बोट फिरवतो आणि मजकूर मागाहून वाचतो.

कापडावर भरणाऱ्या हाताला कागदावर एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. कापडात सुई चुकली तर टाका उसवायचा, नखाने दोनदा घासायचे, की धागे पुन्हा जुळतात. कागदात पडलेले भोक मात्र बुजत नाही. म्हणून कागदावर नक्षी आधी भोकांनी पुरती ठरवायची आणि दोरा त्यानंतर ओवायचा. या कलेची कुळकथा शोधायची तर दोऱ्याच्या मागे न जाता भोकाच्या मागे जावे लागते.

कोकणात ती वाट पानापाशी पोचते. वडाची, पळसाची किंवा कुड्याची पाने बांबूच्या बारीक चोयांनी एकमेकांना टाचून पत्रावळ लावायची, हे काम घरातल्या पोरांनाही यावे लागे. ‘श्यामची आई’त ‘पत्रावळ’ नावाचे एक प्रकरणच आहे, आणि साने गुरुजींचे पालगड रत्नागिरी जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातले. चोय कडेला फार लागून टोचली की पान फाटते. फार आत टोचली की पाने आखडतात आणि पत्रावळ लहान होते. कार्डाच्या काठापासून भोक किती आत घ्यायचे, हा हिशेब वेगळा नाही.

दुसरे मूळ भरतकामाच्या वर्गातले. ट्रेसिंग पेपरवर नक्षी काढायची, रेषेवरून सुईने बारीक भोके पाडायची, तो कागद कापडावर ठेवायचा आणि रॉकेलमध्ये कालवलेल्या निळीचा बोळा वरून फिरवायचा. कागद उचलला की कापडावर निळ्या ठिपक्यांचा मोर उमटलेला दिसतो. या रीतीत टोचलेला कागद कापडाची चाकरी करतो. तो कागदच जाड घेतला आणि दोरा थेट त्याच्या भोकांतून ओवला, तर भेटकार्ड तयार होते.

शाळेच्या वाटेने आलेली शाखा जर्मनीतली. फ्रीडरिश फ्रोबेलने 1837 साली ब्लांकेनबुर्ग गावी लहान मुलांसाठी जी शाळा काढली, तीच पुढे किंडरगार्टन म्हणून जगभर गेली. तिच्या हस्तोद्योगांत टोचणे आणि शिवणे हे दोन स्वतंत्र उद्योग होते. मुलाने आधी कार्डावरच्या रेषेवर भोके पाडायची आणि मग रंगीत दोऱ्याने ती जोडायची. पंडिता रमाबाई 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियाला गेल्या आणि तिथेच त्यांनी किंडरगार्टनचे शिक्षण घेतले. परतल्यावर 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी देवरुखच्या जोशी घराण्यातली गोदूबाई, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई कर्वे. फिलाडेल्फियाच्या बालवर्गातून निघालेली वाट अशी रत्नागिरी जिल्ह्याच्या उंबऱ्यापर्यंत येऊन भिडते.

मात्र या कुळातली सर्वांत विलक्षण बाई इंग्लंडातली. मेरी एव्हरेस्ट बूल (1832–1916). ज्यांचे नाव हिमालयाच्या सर्वोच्च शिखराला दिले, ते भारताचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट तिचे काका, आणि ज्याच्या बीजगणितावर आजचे संगणक चालतात तो जॉर्ज बूल तिचा नवरा. तिच्या लहानपणी दुकानांत सुयांची घडी किंवा टाचणीची गादी बनवायला कार्डांच्या जोड्या मिळत. दोन्ही कार्डे एकमेकांना शिवता यावीत म्हणून कडेने भोके असत आणि मधल्या कोऱ्या जागेत चित्र रंगवायचे असे. मेरीला चित्र येत नव्हते. मग तिने त्याच भोकांतून रेशमाचे दोरे आडवेतिडवे ओढले. दोरे सगळे सरळ, तरी कार्डावर एक सुंदर वळण उभे राहिले, जे तिने काढलेलेच नव्हते.

हा चमत्कार रत्नागिरीतल्या कोणत्याही घरात दहा मिनिटांत करून पाहता येतो. जाड कार्डावर काटकोन आखावा. दोन्ही बाजूंवर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर दहा भोके पाडावीत. उभ्या बाजूचे सर्वांत वरचे भोक आडव्या बाजूच्या कोपऱ्यालगतच्या भोकाशी जोडावे, त्याखालचे त्याच्या पुढच्याशी, आणि असेच शेवटपर्यंत. एकही दोरा वाकडा नसतो, तरी त्यांच्या कडेने परवलय उमटते. मेरीने 1904 च्या आपल्या पुस्तकात मुलांच्या गणिती जाणिवेसाठी हे शिवण सुचवले. सूत्र हाती येण्याआधी मुलाच्या बोटांना वक्राची ओळख व्हावी, हा तिचा आग्रह आजही खरा वाटतो. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या घरांना तो समजावून सांगावा लागणार नाही.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगता येतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेदरलँड्समध्ये एरिका फोर्टगेन्स यांची नमुनापुस्तके निघाली आणि कागदावरचे भरतकाम हा जगभर वेगळा छंद झाला. आपल्याकडे ते कार्यानुभवाच्या तासाला भेटकार्डांच्या सोबतीने करता येते.

रत्नागिरीत कार्ड भरताना हवेचा विचार आधी करावा लागतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावात श्रावणात, म्हणजे नेमके राखीच्या दिवसांत, कागद सादळतो. सादळलेल्या कार्डात दोरा जरा ओढला की दोन भोकांमधला पूल तुटतो आणि दोनाचे एक भोक होते. म्हणून कार्ड किमान दोनशे ग्रॅमचे (जीएसएम) घ्यावे आणि ते स्टीलच्या डब्यात ठेवावे. खाली दुमडलेली जाड सतरंजी घेऊन सर्व भोके एका बैठकीत पुढच्या बाजूने टोचावीत. सहा पदरी लडीतला एकच पदर वापरावा. गाठ मारू नये, कारण गाठीचा उंचवटा पुढून दिसतो आणि बारीक गाठ भोकातून निसटूनही येते. दोऱ्याचे टोक मागे चिकटपट्टीने दाबावे.

काम संपल्यावर कार्ड उलटून पाहिले की चिकटपट्टीचे तुकडे आणि नक्षीतल्या एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलेले लांब दोरे दिसतात. त्यावर एक पातळ कोरा कागद डकवायचा, रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचा आणि सकाळी त्याच कागदावर मुंबईच्या दादाचे नाव घालायचे.