पंचहौदाचा चहा

आपल्या गटाची बैठक संपली, हप्ते जमा झाले, वहीवर सह्या-अंगठे झाले की चहा येतो. चहाबिगर बैठक उठत नाही. पण याच चहाच्या एका कपावरून पुण्यात दोन वर्षं भांडण चाललं होतं. आज आपण त्याची गोष्ट सांगणार आहोत.

साल १८९०, ऑक्टोबर महिना. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान ठेवलं होतं. बोलावणं करण्यात पुढाकार गोपाळराव जोश्यांचा, म्हणजे आपल्या पहिल्या डॉक्टर आनंदीबाईंच्या नवऱ्याचा. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. व्याख्यानाला न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गावातली आणखी मोठी माणसं होती. भाषण झाल्यावर मिशनच्या लोकांनी चहा-बिस्किटं पुढं केली. कुणी चहा घेतला, कुणी नुसता कप हातात धरला. पुढं गोपाळरावांनीच हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' या वर्तमानपत्रात छापून आणली. माणूस मोठा खोडकर!

झालं, गावात गदारोळ उठला. ख्रिस्ती माणसाच्या हातचं घेतलं म्हणजे धर्म बुडाला. तक्रार शंकराचार्यांपर्यंत गेली, चौकशी बसली. टिळकांनी सांगितलं की आपण काशीला प्रायश्चित्त घेतलंय. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. त्यावरून सुधारकांनीच त्यांना नावं ठेवली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात या प्रसंगावर लिहिलं आहे. गावात वाचनालय असेल तर ते पुस्तक जरूर मागा.

आम्हाला यात एक गोष्ट खटकते. चहा प्यायले पुरुष, पण बहिष्कार पडला की तो चुलीपर्यंत येतो. घरात श्राद्धाला भटजी मिळत नाही, लेकीच्या माहेरपणाला अडचण, सोयरीक तुटते. हे सगळं निस्तरायचं बाईनं. तिनं तर कपाला हातही लावलेला नसतो.

आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता, पण शिवाशीव इथंही होतीच. पुढं गावोगाव हॉटेलं झाली, चहा स्वस्त झाला, तरी दलितांसाठी कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली, ज्याची त्यानं धुवायची. १९५५ च्या कायद्यानं हा गुन्हा ठरला. कायद्याला इतकी वर्षं झाली, तरी गटाची बैठक एखाद्या ठरावीक घरी असली की काही जणींना नेमका त्याच दिवशी उपास असतो. उपासाला चहा चालतो बरं का, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आमच्या गटात आता बैठकीचं घर यादीच्या क्रमानं फिरतं आणि चहा त्याच घरचा.

आता थोडं चहाच्या पत्तीबद्दल. आपण उकळतो ती दाणेदार पत्ती म्हणजे सीटीसी. तिचं यंत्र १९३० च्या सुमारास आसामात निघालं. पंचहौदाच्या काळात ही पत्ती नव्हतीच. झाड एकच, पण पान किती काळवू द्यायचं त्यावर प्रकार ठरतो. पान अजिबात काळवू दिलं नाही तर हिरवा चहा, पुरतं काळवलं तर आपला लाल-काळा, आणि अर्धवट ठेवून भाजलं तर ऊलाँग. ऊलाँग मूळचा चीनचा, तैवानमध्येही होतो. त्याला दूध-साखर लावत नाहीत, उकळतही नाहीत. भांडं गरम पाण्यानं विसळायचं, पत्ती टाकायची, उकळीखालचं पाणी ओतायचं आणि थोड्याच वेळात गाळायचं. आधी वास घ्यायचा, मग घोट. तीच पत्ती चार-पाच वेळा चालते, आणि दर खेपेला चव बदलते. आपल्या काटकसरी बायांना हे आवडण्यासारखं आहे, फक्त पत्ती महाग पडते.

आणि चहाची चव पारखणारे पगारी लोक असतात, ते चमच्यातून चहा जोरात आवाज करून ओढतात. आवाजासकट हवा आत गेली की वास नाकापर्यंत चढतो. आपल्या आज्या बशीत ओतून फुर्रर्र करायच्या, तेव्हा त्यांना अडाणी म्हणायचे. त्या बरोबरच पीत होत्या.