सॅरासोटा : संध्याकाळी सातपर्यंत

७ नोव्हेंबर २००६, मंगळवार. अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात त्या दिवशी प्रतिनिधीगृहाच्या २५ जागांसाठी मतदान होतं. संध्याकाळी सातला केंद्रं बंद झाली तोवर तिथल्या १३व्या मतदारसंघात एक मोठा अपघात घडून गेला होता. आवाज झाला नाही, कुणाला खरचटलं नाही, रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसालाही पत्ता लागला नाही. एकट्या सॅरासोटा काउंटीत १८ हजारांवर माणसं केंद्रावर आली, यंत्रापुढे उभी राहिली, बाकीची मतं देऊन घरी गेली. लोकप्रतिनिधीच्या जागेपुढे मात्र त्यांचं मत उमटलंच नाही. आणि ती जागा गेली ३६९ मतांनी.

मी हा घटनाक्रम शेवटाकडून मोजत आले आहे, कारण वाटेत थांबायच्या जागा एकापाठोपाठ एक होत्या.

८४ दिवस आधी, १५ ऑगस्ट

यंत्रं बनवणाऱ्या ईएस अँड एस कंपनीचं पत्र फ्लोरिडातल्या निवडणूक अधिकाऱ्यांना जातं. काही आयव्होट्रॉनिक यंत्रांचा पडदा बोटाला उशिरा दाद देतो आहे, मतदाराला बोट थोडा वेळ टेकवून ठेवावं लागेल, असा त्याचा आशय.

ही यंत्रं तिथे का आली, हे सांगायला हवं. २०००च्या अध्यक्षीय निवडणुकीत याच राज्यातली पंचकार्डं जगभर गाजली. अर्धवट सुटलेले कागदाचे तुकडे भिंगातून पाहणारे मोजणी कर्मचारी सगळ्यांनी टीव्हीवर पाहिले. बुश ५३७ मतांनी जिंकल्याचं तेव्हा जाहीर केलं राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट कॅथरिन हॅरिस यांनी. पुढच्या वर्षी फ्लोरिडाने पंचकार्डं बंद केली. सॅरासोटाने टचस्क्रीन घेतली: स्वच्छ, झटपट, भिंगाची गरज नाही. कागदही नाही. मताची नोंद यंत्राच्या स्मृतीत, आणि फक्त तिथेच.

हॅरिस २००२मध्ये याच १३व्या मतदारसंघातून निवडून गेल्या. २००६ला त्यांनी सिनेटसाठी उभं राहायचं ठरवलं, म्हणून ही जागा मोकळी झाली. रिपब्लिकन पक्षाने मोटारविक्रीच्या धंद्यात मोठे झालेले व्हर्न ब्यूकॅनन यांना उभं केलं, डेमोक्रॅटिक पक्षाने बँक चालवलेल्या क्रिस्टीन जेनिंग्ज यांना. पैशाचा पूर आला. त्या वर्षी देशातल्या सर्वांत खर्चिक लढतींत हिची गणना झाली. टीव्ही लावावा तर एक उमेदवार दुसऱ्यावर चिखलफेक करतोय, असे ते महिने होते. या लढतीचं नाव ज्याच्या कानावर गेलं नाही असा मतदार सॅरासोटात सापडणं कठीण होतं. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे वाद याच मुद्द्यावर झाला.

३९ दिवस आधी, २९ सप्टेंबर

शेजारच्या १६व्या मतदारसंघातले खासदार मार्क फोली राजीनामा देतात. मतपत्रिका ठरून गेलेली असते, त्यामुळे त्यांचंच नाव तिच्यावर राहतं. फोलींना पडलेलं मत नवे उमेदवार जो नेग्रॉन यांचं धरलं जाईल, असं ठरतं. मतपत्रिकेवर मतदार गोंधळेल का, याची जी काही जाहीर चर्चा झाली ती या नावावरून. १३व्या मतदारसंघाचा पडदा तेव्हा कुणाच्या डोळ्यांत आला नव्हता.

१५ दिवस आधी, २३ ऑक्टोबर

आगाऊ मतदान सुरू होतं. तक्रारी याच दिवसांत येऊ लागतात, आणि त्या दोन प्रकारच्या असतात. काही जण म्हणतात, ब्यूकॅनन-जेनिंग्ज लढत मला पडद्यावर दिसलीच नाही. काही म्हणतात, मी जेनिंग्जच्या नावाला बोट लावलं होतं, पण शेवटच्या आढाव्यात तिथे काहीच निवडलेलं नव्हतं.

पडदा कसा होता, ते नीट पाहू या, कारण सगळा जीव तिथे अडकला आहे. आपल्याकडे यंत्रापुढे उभं राहिलं की एक लढत, एक बटण, एक लांब ‘बीप’. अमेरिकन मतदाराला एकाच खेपेत सिनेटर, खासदार, गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, न्यायाधीश, घटनादुरुस्त्या, काउंटीचे ठराव अशी डझनावारी उत्तरं द्यावी लागतात. सॅरासोटाच्या पहिल्या पडद्यावर एकटी सिनेटची लढत होती, वर ठळक रंगीत पट्टी. मतदार ती संपवून पुढचं पान उघडायचा. दुसऱ्या पानावर रंगीत पट्टी होती, पण ती खालच्या बाजूला, राज्याच्या पदांची. तिच्याखाली गव्हर्नरपदाची लांबलचक यादी. आणि पट्टीच्या वर, पानाच्या माथ्यावर, दोनच नावांची खासदारकीची लढत.

पहिल्या पानाने डोळ्यांना सवय लावली होती की रंगीत पट्टीखाली काम असतं. दुसऱ्या पानावर डोळे पट्टीकडे गेले आणि माथ्यावरचा मजकूर शीर्षकासारखा मागे पडला. घाईत भरलेल्या कुठल्याही फॉर्ममध्ये आपणही हेच करतो. त्यात मतदारांचं अज्ञान शोधणाऱ्यांचा मला राग येतो.

टपालाने येणाऱ्या कागदी मतपत्रिकेवर मात्र ही लढत सरळ ओळीने छापलेली होती. सॅरासोटातल्या त्या कागदांवर खासदाराची जागा कोरी राहिली सुमारे अडीच टक्के. त्याच काउंटीत, त्याच उमेदवारांसाठी, आगाऊ मतदानाच्या यंत्रांवर ती कोरी राहिली सतरा टक्क्यांहून जास्त. ही टक्केवारी मतमोजणीनंतर कळली, हे खरं. पण तक्रारी करायला माणसं त्या पंधरवड्यातच पुढे आली होती.

चालू निवडणुकीत पडद्याची मांडणी बदलणं सोपं नसतं, हे मान्य. प्रत्येक यंत्राशेजारी ठळक अक्षरांत एक कागद चिकटवायला काय लागलं असतं? ‘दुसऱ्या पानावर दोन लढती आहेत. वरची पाहा.’ एवढंच.

शेवटचे २४ तास

काउंटीच्या निवडणूक अधिकारी कॅथी डेंट यांच्या कार्यालयाकडून केंद्रांना सूचना गेली होती की मतदारांना या लढतीची आठवण करून द्यावी. तोंडी आठवण. ज्या कर्मचाऱ्याला ती लक्षात राहील, जो रांग लांबली तरी प्रत्येकाला सांगेल, त्याच्या केंद्रावर तिचा उपयोग. आणि झालाही असावा: मतदानाच्या दिवशी कोऱ्या जागांचं प्रमाण चौदा टक्क्यांच्या आसपास आलं. म्हणजे आगाऊ मतदानापेक्षा कमी, आणि कागदाच्या पाचपटीहून जास्त.

१२ तास उरले, सकाळी ७

केंद्रं उघडतात. यंत्रांतून शून्याची पट्टी छापून घेतली जाते, म्हणजे अजून एकही मत पडलेलं नाही याची खूण. कर्मचारी आपलं काडतुसासारखं साधन यंत्रात घालून मतपत्रिका सुरू करून देतो आणि बाजूला होतो. यानंतर मतदार आणि पडदा यांच्यामध्ये तिसरं कुणी नाही. गुप्त मतदान तसंच असायला हवं. पण मग मतदाराला सांभाळून घेण्याची सारी जबाबदारी पडद्यावर येते, आणि हा पडदा तिला पुरा पडणारा नव्हता.

८ तास उरले, सकाळी ११

व्हेनिस, नॉर्थ पोर्ट, सिएस्टा की, सॅरासोटा शहर. निवृत्त माणसांची ही वस्ती, सकाळी मत द्यायला येणारी. शेजारच्या मॅनटी काउंटीत मतदार पेन घेऊन कागदावर खूण करत होते आणि तो कागद यंत्र वाचत होतं. तिथे ही अडचण नव्हती. शार्लट काउंटीत सॅरासोटासारखीच आयव्होट्रॉनिक होती, पण पानं वेगळी लावलेली. तिथे खासदाराची लढत नीट दिसली. गव्हर्नरच्या यादीबरोबर एका पडद्यावर आली होती ॲटर्नी जनरलची लढत, आणि वीस टक्क्यांहून जास्त मतदारांकडून ती जागा कोरी राहिली. यंत्र एक, पान वेगळं, तर बळीही वेगळा. नंतर राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी ही जोडी समोर ठेवली तेव्हा मांडणीचा दोष मला तरी निर्विवाद वाटला. बोटाला उशिरा दाद देणाऱ्या पडद्याने त्यात किती भर घातली, याचा निवाडा मात्र तेवढा स्वच्छ नाही. मत देऊनही आढाव्यात न सापडल्याचं सांगणाऱ्यांची साक्ष मला झटकून टाकता येत नाही.

शेवटचा तास, संध्याकाळी ६

कामावरून सुटलेले लोक येतात. प्रत्येक जण पानं पुढे नेत शेवटाला पोचतो. शेवटी आढाव्याचा पडदा येतो, त्यात काही निवडलं नसेल तर तसं लिहिलेलं असतं. पण आढावाही अनेक पानांचा. आणि यंत्राच्या माथ्यावर लाल दिवा लुकलुकत असतो: ‘व्होट’. ते बटण दाबलं की काम फत्ते, असं तो सांगत राहतो. बहुतेकांचा हात तिकडे जातो.

त्याच मतपत्रिकेवर काउंटीचा एक ठराव होता, सॅरासोटा अलायन्स फॉर फेअर इलेक्शन्स या नागरिकांच्या गटाने पुढे आणलेला: मतदान कागदावर व्हावं, म्हणजे मोजणी तपासता येईल. मतदार त्या ठरावापर्यंत पोचले आणि बहुमताने ‘हो’ म्हणाले.

संध्याकाळी ७

केंद्रं बंद. भारतात तेव्हा बुधवारची पहाट, साडेपाच वाजलेले. रांगेत असलेल्यांना मत देऊ दिलं जातं, मग यंत्रांतले आकडे गोळा होतात. देशभर डेमोक्रॅट्सची सरशी होत होती आणि प्रतिनिधीगृह त्यांच्या हाती जाणार होतं. फ्लोरिडात फोलींची जागा टिम मॅहोनी यांनी घेतली, २२व्या मतदारसंघात क्ले शॉ यांचा रॉन क्लाइन यांनी पराभव केला. १३व्यात काटाकाटी.

सॅरासोटाचे आकडे आले तेव्हा सिनेटसाठी कोऱ्या जागा सुमारे एक टक्का होत्या. खासदारासाठी, यंत्रांवर, जवळजवळ १५ टक्के.

त्यानंतर

फरक इतका कमी की कायद्याने फेरमोजणी आली. आधी यंत्राने, मग ‘हाताने’. हाताने म्हणजे काय, हे ज्यांनी ती केली त्यांनाच विचारावं. यंत्राने साठवलेल्या नोंदी पाहायच्या. जिथे मत नाही तिथे मत नाही. पंचकार्डावर निदान खाच पडलेली असायची, भिंगाखाली धरून भांडता यायचं. इथे भांडायला काही उरलं नव्हतं. २० नोव्हेंबरला राज्याने निकालावर शिक्कामोर्तब केलं: ब्यूकॅनन १,१९,३०९, जेनिंग्ज १,१८,९४०.

सॅरासोटात जेनिंग्ज यांना साधारण ५३ टक्के मतं पडली होती. कागदावरचं अडीच टक्क्यांचं प्रमाण नेहमीचं धरलं, तर १४ हजारांहून अधिक मतं वाया गेली. ती याच प्रमाणात वाटली गेली असती तर जेनिंग्ज यांची आघाडी सात-आठशेंनी वाढली असती, म्हणजे ३६९च्या दुप्पट. बऱ्याच संख्याशास्त्रज्ञांचा हिशेब याच दिशेला गेला.

डेंट म्हणत होत्या, काहींनी लढत पाहिली नसेल, काहींनी चिखलफेकीला कंटाळून मुद्दाम कोरी सोडली असेल. त्याच चिखलात बसून टपालाने मत देणाऱ्यांनी ती का सोडली नाही, याचं उत्तर यात मिळत नाही. जेनिंग्ज यांनी आपल्या तज्ज्ञांसाठी यंत्राच्या प्रोग्रॅमचा मूळ मजकूर मागितला. टॅलाहासीच्या न्यायालयाने तो कंपनीचं व्यापारी गुपित म्हणून २९ डिसेंबरला नाकारला. ४ जानेवारी २००७ला ब्यूकॅनन यांनी शपथ घेतली. राज्याने नेमलेल्या तपासात आणि २००८च्या फेब्रुवारीत अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेच्या तपासात यंत्रात बिघाड सापडला नाही, आणि प्रतिनिधीगृहाने जेनिंग्ज यांची तक्रार फेटाळली. मे २००७मध्ये गव्हर्नर चार्ली क्रिस्ट यांनी राज्यभर कागदी मतपत्रिका आणणाऱ्या कायद्यावर सही केली.

आपल्याकडे व्हीव्हीपॅटची चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते आणि पेटीत पडते. ती चिठ्ठी खाली पडताना मला दर वेळी सॅरासोटाची माणसं आठवतात. आढाव्यातली ती ओळ ज्यांच्या नजरेला पडली त्यांनी मागे जाऊन मत पुन्हा दिलं, तक्रार केली, शपथेवर साक्ष दिली. ज्यांच्या नजरेला ती पडली नाही त्यांची नावं कुठेच नाहीत. आपण ब्यूकॅनन किंवा जेनिंग्ज यांना मत दिलं, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणांना आजही वाटत असेल.