उलटून सांवरण्याची विद्या

समुद्रांत होडी उलटली, तर तिच्यांतून मोकळें होऊन पोहत किनारा गांठावा, हें उष्ण प्रदेशांतलें शहाणपण आहे. ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर तें उपयोगीं पडत नाहीं. तेथील पाणी बर्फासारखें थंड; त्यांत पडलेल्या माणसाचे हात थोड्याच मिनिटांत बधिर होतात, आणि मग पोहणें दूरच राहिलें, दोरी धरणेंही साधत नाहीं. म्हणून तेथील इनुइट शिकाऱ्यांनीं निराळीच विद्या सिद्ध केली. होडी उलटली तरी ती न सोडतां, तिच्यासकट पाण्याखालून परत वर यावयाचें, अशी ती विद्या होय.

त्यांच्या होडीचें नांव कयाक. लांकडी सांगाड्यावर सीलचें कातडें ताणून शिवलेली, एका माणसापुरती. तिचीं मापें शिकाऱ्याच्या अंगावरूनच घेत: लांबी सुमारें तीन वांव, रुंदी कमरेहून दोन मुठी अधिक. बसण्याच्या भोकाच्या कांठाभोंवतीं कातडी अंगरखा आवळला, म्हणजे आंत पाणी शिरण्यास वाट उरत नसे. होडी अरुंद, म्हणून चपळ. आणि अरुंद, म्हणूनच उलटण्यास सदैव सिद्ध. हार्पूनची दोरी अडकली आणि जखमी सीलनें हिसका दिला, कीं शिकारी क्षणार्धांत पाण्याखालीं जाई.

मोरेव्हियन मिशनचा इतिहासकार डेव्हिड क्रान्त्स १७६१ सालीं ग्रीनलंडला गेला. त्याचा ग्रंथ १७६५ सालीं जर्मन भाषेंत प्रसिद्ध झाला. त्यांत उलटून सांवरण्याचे निदान दहा प्रकार वर्णिले आहेत, आणि त्यांचा क्रम मोठा बोधप्रद आहे. प्रथम पुरतें उलटावयाचेंच नाहीं: एका कुशीवर पाण्यावर आडवें व्हावयाचें, वल्ह्याचा आधार घ्यावयाचा आणि उठावयाचें. मग पुरतें उलटून, डोकें सरळ खालीं लोंबत असतां वल्ह्याच्या एका फटकाऱ्यानें वर यावयाचें. पुढें वल्हें होडीवरील वाद्यांत गुंतलें आहे असें मानून, नंतर तें मानेमागें धरून, आणि शेवटीं वल्हें गमावलें आहे असें समजून केवळ हातानें! वरवर पाहणाराला या कसरती वाटतील. पण प्रत्येक प्रकारामागें एकेक अपघात उभा आहे. कोणीतरी तसा बुडाला असला पाहिजे, म्हणूनच मागच्यांनीं त्याचा सराव केला.

या कलेंतलें मर्म बळांत नाहीं. वल्हें पाण्यावर क्षणभर टेकू देतें. होडी सरळ होते ती कमरेच्या झटक्यानें. आणि डोकें सर्वांत शेवटीं वर यावयाचें असतें. नवशिक्या मात्र श्वासासाठीं आधीं डोकेंच उचलतो, त्या भारानें होडी पुन्हां पालथी होते. जिवाची जी पहिली धांव, तीच त्याला बुडविते. ती आवरण्यास शिकणें हेंच खरें शिक्षण.

युरोपांत ही विद्या फार उशिरां पोंचली. १९२७ सालीं हान्स पाव्लाटा या ऑस्ट्रियन गृहस्थानें प्रवासवर्णनें वाचून, स्वतःच प्रयत्न करीत ती साध्य केली. एका पद्धतीला आजही त्याचें नांव आहे. जिनो वॉटकिन्स या तरुण इंग्रज संशोधकानें १९३०-३१ च्या मोहिमेंत ती पूर्व ग्रीनलंडच्या शिकाऱ्यांकडून प्रत्यक्ष शिकून घेतली आणि तींत प्रावीण्य मिळविलें. परंतु २० ऑगस्ट १९३२ रोजीं तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला. सोबत्यांना त्याची कयाक रिकामी तरंगत असलेली आढळली. देह सांपडला नाहीं. त्याचें वय अवघें पंचवीस वर्षांचें होतें. त्या दिवशीं काय घडलें, हें समुद्रालाच ठाऊक. विद्या अवगत असली, तरी समुद्र तेवढ्यानें कोणास अभय देत नाहीं.

पुढें मोटारबोटी आल्या आणि खुद्द ग्रीनलंडांतच कयाक मागें पडली. १९८० नंतरच्या दशकांत तेथील लोकांनीं संघ स्थापून तिचें पुनरुज्जीवन केलें. उलटून सांवरण्याच्या स्पर्धाही भरूं लागल्या. आज दूरदूरच्या देशांत सागरी कयाकचे वर्ग चालतात. तेथें नवशिक्याला प्रथम संथ पाण्यांत नेतात, आधीं कुशीवर टेकून सांवरण्यास शिकवितात, आणि मगच उलटवितात. क्रान्त्सनें नोंदलेला क्रम तो हाच.